मुरुमाचे खड्डे आणि गोंदणाची सुई

मॉन्ट्रियलचे प्लास्टिक सर्जन आंद्रे कामिराँ चेहऱ्यावरच्या पांढुरक्या व्रणांवर गोंदून पाहत होते. जखम भरून आली तरी व्रणाच्या जागी त्वचेचा मूळ रंग पुष्कळदा परतत नाही आणि चेहऱ्यावरचा तो फिकट पट्टा लांबूनही नजरेत भरतो. तेव्हा टॅटूच्या यंत्राने त्या जागी त्वचेच्या रंगाचं रंगद्रव्य भरायचं आणि व्रण झाकून टाकायचा, इतकाच त्यांचा हेतू होता. वर्ष-दोन वर्षांनी रुग्ण तपासणीला आले तेव्हा भरलेला रंग उडून गेलेला होता. व्रण मात्र पुन्हा पांढरे पडले नव्हते. त्यांचा पोत सुधारला होता, ते आजूबाजूच्या त्वचेत मिसळून गेले होते आणि त्यांत त्वचेचा स्वतःचा रंग उतरला होता. म्हणजे गुण रंगाचा नव्हता, सुईचा होता. कामिराँ यांनी जे. दुसे यांच्याबरोबर मग रंगाशिवाय, नुसत्या सुईने व्रण टोचायला सुरुवात केली आणि १९९७ साली ते अनुभव प्रसिद्ध केले.

आज पुण्या-मुंबईतच नव्हे, जिल्ह्याच्या गावांतही त्वचारोगतज्ज्ञांच्या फलकावर ‘पीआरपी’ आणि ‘मायक्रोनीडलिंग’ हे शब्द शेजारी शेजारी दिसतात. हातातून थोडं रक्त काढायचं, ते यंत्रात फिरवून त्यातला प्लेटलेटने भरलेला पिवळसर द्रव वेगळा करायचा, चेहऱ्यावर बारीक सुयांनी शेकडो छिद्रं पाडायची आणि तो द्रव त्यांवर पसरायचा किंवा त्वचेत टोचायचा, असा हा उपचार. त्याची जाहिरात सौंदर्याची होते, किंमतही सौंदर्याच्या बाजारातली असते. पण त्याचे दोन्ही धागे आले आहेत ते जखमांच्या आणि व्रणांच्या जगातून. एक धागा सुईचा, दुसरा रक्ताचा. शंभराहून अधिक वर्षं ते एकमेकांना न भेटता वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या माणसांच्या हातांनी कातले जात होते. तो इतिहास नीट पाहिला की या उपचाराकडून काय मागावं आणि काय मागू नये, हेही बरंच उलगडतं.

कामिराँ यांच्या हातातल्या यंत्राची वंशावळ मोठी रंजक आहे. थॉमस एडिसनने १८७६ साली विजेच्या लेखणीचं पेटंट घेतलं. छोट्या मोटरने तिची सुई वेगाने खालीवर होई आणि लिहिता लिहिता कागदावर अक्षरांची छिद्रं पडत. रांगोळीच्या छापातून रांगोळी खाली उतरावी तशी त्या छिद्रांतून शाई खालच्या कागदावर उतरे आणि एका मजकुराच्या कितीतरी प्रती निघत. कचेऱ्यांमध्ये हे यंत्र फार टिकलं नाही. पण न्यूयॉर्कमधल्या सॅम्युअल ओरायली या गोंदणकाराने तेच तत्त्व उचलून टॅटूचं विजेवरचं यंत्र केलं आणि १८९१च्या डिसेंबरात त्याचं पेटंट मिळवलं. आपल्याकडे कपाळावर, हनुवटीवर, मनगटावर गोंदण काढणाऱ्या बाया सुया हातानेच टोचत. पुढे जत्रांमधून बॅटरीवर चालणारी यंत्रं आली, ती याच ओरायलीच्या कुळातली. आणि आज दवाखान्यात डॉक्टरांच्या हाती दिसणारा, टोकाशी बारा किंवा त्याहून अधिक सुया असलेला मायक्रोनीडलिंगचा पेनही त्याच तत्त्वावर चालतो. कागदाला छिद्रं पाडण्यासाठी केलेली युक्ती माणसाच्या कातडीपर्यंत अशी येऊन पोहोचली.

व्रण घालवायचे तर आधी वरची त्वचा खरवडून काढली पाहिजे, असा डॉक्टरांचा समज कितीतरी वर्षं होता. बर्लिनचे त्वचारोगतज्ज्ञ अर्न्स्ट क्रोमायर यांनी १९०५ साली दंतवैद्याच्या फिरत्या उपकरणांनी व्रण आणि डाग खरवडण्याची पद्धत मांडली. १९५३ साली न्यूयॉर्कच्या अ‍ॅब्नर कर्टिन यांनी मोटरवर फिरणारा तारेचा ब्रश वापरला. त्वचा गारठवून सुन्न करायची आणि ब्रशने वरचा थर घासून काढायचा. मुरुमांच्या खड्ड्यांवर याचा उपयोग व्हायचा हे खरं, पण चेहरा कित्येक दिवस उघड्या जखमेसारखा राहायचा आणि हात जरा जास्त खोल गेला की नवाच व्रण तयार व्हायचा. १९९०च्या दशकात कार्बन डायऑक्साइड लेसर आला. त्याचं काम अधिक अचूक होतं, पण तत्त्व तेच. वरचा थर काढून टाकायचा आणि नव्याची वाट पाहायची.

गोऱ्या त्वचेला हे एक वेळ मानवे. सावळ्या आणि काळ्या त्वचेला मात्र अशा इजेनंतर काळे डाग पडण्याचा धोका फार मोठा. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी वरच्या थराच्या तळाशी असतात. तो थर भाजला किंवा सोलला की त्या पेशी भराभर रंग तयार करू लागतात. खड्डा गेला आणि त्याच्या जागी काळा चट्टा आला, तर त्या माणसाला काय मिळालं? आशिया आणि आफ्रिकेतल्या कोट्यवधी चेहऱ्यांसाठी हा प्रश्न मुळीच बारीकसारीक नव्हता.

उत्तर दक्षिण आफ्रिकेतून आलं हे म्हणूनच फार समर्पक वाटतं. केपटाऊनचे प्लास्टिक सर्जन डेसमंड फर्नांडिस यांनी १९९६ साली तैपेईच्या परिषदेत सुयांचा एक छोटा शिक्का दाखवला. वरचा थर काढायचाच नाही, त्याला बारीक छिद्रं पाडून खालच्या थरापर्यंत पोहोचायचं, हा त्यांचा विचार. शिक्क्याने सगळ्या चेहऱ्यावर एकसारखं काम होईना, म्हणून पुढे त्यांनी सुया लावलेला लहानसा रूळ बनवला. तो त्वचेवर उभा, आडवा, तिरका फिरवला की छिद्रांची दाट जाळी उमटते. त्यांच्या सुरुवातीच्या रुळाच्या सुया चांगल्या ३ मिलिमीटर लांब होत्या. त्वचेतून रक्त येई आणि रुग्णाला भूल द्यावी लागे. फेशियल या शब्दाने डोळ्यांसमोर जे चित्र येतं त्याच्याशी याचा काहीही संबंध नव्हता, ती शस्त्रक्रियाच होती. त्याआधी त्वचेला अ आणि क जीवनसत्त्वं लावून तयार करायला हवं, असा फर्नांडिस यांचा आग्रह असे. त्यांनी या पद्धतीवर २००२ आणि २००५ साली सविस्तर लिहिलं.

फर्नांडिस यांच्या शिक्क्याच्या आदल्याच वर्षी, १९९५ साली, डेव्हिड आणि नॉर्मन ओरेंट्राइख यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली होती. खोल व्रण खाली चिवट धाग्यांनी बांधलेला असतो. जाड सुई आत घालून ते धागे कापले की खड्डा वर येतो आणि झालेल्या जखमेत नवं तंतुजाल तयार होऊन तो भरतो. सुई म्हणजे केवळ औषध आत सोडण्याची नळी, ही समजूत इथे मोडली. सुईची जखम स्वतःच औषध ठरत होती.

फर्नांडिस यांच्या कामाला भक्कम आधार मिळाला तो जर्मनीतून. मॅथियास आउस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली दक्षिण आफ्रिका आणि जर्मनीतल्या ४८० रुग्णांचा अनुभव मांडला. त्यांतल्या २० जणांच्या त्वचेचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले होते. सहा महिन्यांनी कोलॅजेन आणि इलास्टिन हे त्वचेला बळ आणि लवचीकपणा देणारे तंतू लक्षणीय वाढलेले दिसले, आणि वर्षभरानंतर वरच्या त्वचेचा काटेरी पेशींचा थर ४० टक्क्यांनी जाड झाला होता. वरचा थर सोलून पातळ करणाऱ्या जुन्या पद्धतींच्या हे अगदी उलट. सुईने त्वचा पातळ झाली नाही, उलट भरून आली.

सुई टोचल्यावर आत नेमकं काय होतं, हे समजण्यासाठी दुसऱ्या धाग्याकडे वळावं लागतं.

डेंग्यूच्या दिवसांत महाराष्ट्रातल्या घराघरांत प्लेटलेटची चर्चा चालते. रिपोर्टमधला आकडा घसरला की घर काळजीत पडतं, कुणी पपईच्या पानांचा रस सुचवतं, कुणी किवी घेऊन येतं. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात सुमारे दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात आणि त्यांचं आयुष्य जेमतेम आठ-दहा दिवसांचं असतं. रक्तातल्या या कणांची खरी ओळख पटली ती इटलीतल्या तुरीन शहरात. ज्यूल्यो बिझ्झोझेरो हे तिथे विकृतिशास्त्राचे प्राध्यापक होते. लाल आणि पांढऱ्या पेशींबरोबर रक्तात बारीक ठिपके दिसतात, हे त्याआधी मॅक्स शुल्त्झ आणि विल्यम ऑस्लर यांनी नोंदवलेलं होतं. बिझ्झोझेरो यांनी जिवंत प्राण्याच्या बारीक रक्तवाहिनीला सूक्ष्मदर्शकाखाली इजा केली आणि पुढे काय घडतं ते डोळ्यांनी पाहिलं. ठिपके इजा झालेल्या जागी धावले, तिथे चिकटले, एकमेकांना धरून त्यांनी भोक बुजवलं. १८८२ साली त्यांनी ठामपणे लिहिलं की हा रक्ताचा स्वतंत्र, तिसरा घटक आहे. मज्जासंस्थेच्या अभ्यासासाठी पुढे नोबेल मिळवणारे कामिलो गोल्जी हे बिझ्झोझेरो यांच्याच प्रयोगशाळेत घडले आणि त्यांच्या भाचीचे पती झाले. स्वतः बिझ्झोझेरो यांचं नाव मात्र वैद्यकाबाहेर फारसं कुणी घेत नाही. त्यांनी ओळख पटवलेल्या कणांचं नाव आज खेड्यातल्या लॅबच्या रिपोर्टवरही असतं.

१९०६ साली बॉस्टनच्या जेम्स होमर राइट यांनी दाखवलं की प्लेटलेट हाडांच्या मगजातल्या महाकाय पेशींपासून तुटून बनतात. पुढची साठ-सत्तर वर्षं डॉक्टर त्यांच्याकडे बूच म्हणूनच पाहत राहिले. रक्तस्राव थांबवणं हे त्यांचं काम. ज्यांच्या प्लेटलेट कमी त्यांना बाहेरून द्यायच्या, एवढ्यापुरताच त्यांचा विचार होई. ‘प्लेटलेट-रिच प्लाझ्मा’ म्हणजेच पीआरपी हा शब्दप्रयोग १९५०च्या दशकात रक्त गोठण्याच्या संशोधनात आला तोही याच संदर्भात.

कलाटणी मिळाली ती १९७४ साली, सिअ‍ॅटलमध्ये. रसेल रॉस आणि त्यांचे सहकारी रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या स्नायूपेशी काचपात्रात वाढवत होते. गोठलेल्या रक्तातून मिळालेला द्रव दिला की पेशी जोमाने वाढत. प्लेटलेट आधीच काढून टाकलेल्या रक्ताचा द्रव दिला की त्या जागच्या जागी राहत. म्हणजे गोठताना प्लेटलेटमधून असं काहीतरी बाहेर पडत होतं जे इतर पेशींना वाढायला सांगत होतं. त्या पदार्थाला पीडीजीएफ हे नाव मिळालं. ‘वाढ-घटक’ म्हटल्या जाणाऱ्या अशा प्रथिनांचा शोध आधीच सुरू झालेला होता, आणि त्यातही एक तुरीनकन्या होती. तुरीनमध्ये जन्मलेल्या आणि शिकलेल्या रिता लेवी-मोंताल्चिनी यांच्याबरोबर अमेरिकेत काम करणाऱ्या स्टॅन्ली कोहेन यांना दिसलं की उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क टोचला तर नवजात पिल्लांचे डोळे वेळेआधीच उघडतात. त्या अर्कात त्वचेच्या पेशी वाढवणारा घटक होता. दोघांना १९८६ साली नोबेल मिळालं. पुढे कळलं की प्लेटलेटच्या पोटातल्या कणिकांमध्येही अशा घटकांचा साठा भरलेला असतो. जखम झाली की त्या फुटतात आणि डागडुजी करणाऱ्या पेशींना हाकारतात. भोक बुजवणारी प्लेटलेट ही दुरुस्तीचं काम सुरू करून देणारीही आहे, हे लक्षात यायला बिझ्झोझेरो यांच्यानंतर जवळजवळ शतक गेलं.

या ज्ञानाचा पहिला फायदा झाला तो सुंदर चेहऱ्यांना नव्हे. मिनेसोटा विद्यापीठातले सर्जन डेव्हिड नाइटन यांच्याकडे वर्षानुवर्षं न भरणाऱ्या जखमांचे रुग्ण येत. अशा जखमा पायांवर असतात, मधुमेही माणसांच्या वाट्याला अधिक येतात, आणि त्यांचा शेवट अनेकदा पाय कापण्यात होतो. नाइटन यांनी रुग्णाच्याच रक्तातून प्लेटलेट वेगळ्या केल्या, त्यांच्यातले घटक मोकळे केले आणि जखमांवर लावले. भरून येत नसलेल्या जखमा भरू लागल्याचं त्यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलं. पुढच्या वर्षी इटलीत हृदयशस्त्रक्रियेत रुग्णाचाच प्लेटलेटयुक्त द्रव वापरल्याची नोंद झाली.

मग आली जबड्याची हाडं. मायामी विद्यापीठात रॉबर्ट मार्क्स हे जबड्याचे सर्जन. कर्करोगामुळे किंवा अपघातात खालच्या जबड्याचा मोठा भाग गेलेल्या रुग्णांना कंबरेच्या हाडाचा भाग काढून तिथे बसवायचा, हे त्यांचं काम. १९९८ साली त्यांनी अशा ८८ रुग्णांचा अभ्यास मांडला. निम्म्यांच्या हाडाच्या कलमात त्यांचाच पीआरपी मिसळला होता, आणि त्यांचं हाड लवकर आणि अधिक दाट झाल्याचं दिसलं. पीआरपीला वैद्यकात मान मिळवून दिला तो या निबंधाने. मार्क्स यांनी पुढे आणखी एक महत्त्वाची गोष्ट केली. पीआरपी म्हणायचं कशाला, याची हद्द घातली. एका मायक्रोलिटरमध्ये किमान १० लाख प्लेटलेट असतील तरच तो उपयोगी, असं त्यांनी २००१ साली लिहिलं. रक्त नुसतं फिरवून वर आलेला पिवळा द्रव घेतला म्हणजे पीआरपी झाला असं नाही. पहिल्यांदा हलकं फिरवल्यावर लाल पेशी तळाशी बसतात. वरचा भाग काढून पुन्हा जोरात फिरवला तर प्लेटलेट खाली गोळा होतात, आणि त्यांच्यावरचा पातळ प्लाझ्मा टाकून द्यावा लागतो. त्यांना गोठायला लावलं की आतले घटक तासाभरात जवळपास सगळे बाहेर पडतात, म्हणून हे काम रुग्ण समोर असतानाच करायचं असतं. हा नेमकेपणा आजही अनेक ठिकाणी पाळला जात नाही, आणि या उपचाराबद्दलच्या बऱ्याच गोंधळाचं मूळ तिथे आहे.

खेळाडूंनी पीआरपीला घराघरांत पोहोचवलं. २००६ साली कोपराच्या दुखावलेल्या स्नायुबंधावर त्याचा उपयोग झाल्याचं अ‍ॅलन मिश्रा यांनी लिहिलं, आणि २००९च्या सुपर बोलआधी हाइन्स वॉर्ड या अमेरिकन फुटबॉलपटूने गुडघ्यासाठी तो घेतल्याची बातमी झाली. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने आधी त्यावर बंधन घातलं आणि २०११मध्ये ते काढून टाकलं. चेहऱ्याच्या कहाणीत या साऱ्याला एवढंच महत्त्व.

सुई आणि रक्त हे दोन धागे एकत्र बांधले गेल्याची एक सुरुवातीची, स्वच्छ नोंद नेपल्सची आहे. गाब्रिएला फाब्रोचिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली मुरुमांचे व्रण असलेल्या १२ रुग्णांवर एक साधा प्रयोग केला. चेहऱ्याच्या एका बाजूला नुसत्या सुया, दुसऱ्या बाजूला सुया आणि पीआरपी. सुधारणा दोन्ही बाजूंना झाली, पीआरपीच्या बाजूला अधिक. रुग्ण फक्त बारा होते. तरीही कल्पनेत तर्क होता. सुई शेकडो लहान जखमा करते, त्या जखमांमध्ये प्लेटलेट आपोआप येतातच, मग त्यांची संख्या कितीतरी पटीने वाढवून दिली तर दुरुस्तीचं काम जोर धरील. शिवाय छिद्रं उघडी असल्याने द्रव आतवर पोहोचण्याची वाटही तयार असते.

या कहाणीतला भारताचा भाग मोठा आहे, आणि तो फार कमी सांगितला जातो. आपल्याकडे चेहऱ्यावरचे खड्डे ही जुनी ओळख. देवीची साथ ज्यांना सोडून गेली त्यांच्या चेहऱ्यावर वण ठेवून गेली. हरवलेल्या माणसाच्या वर्णनात ‘चेहऱ्यावर देवीचे वण’ ही नेहमीची खूण असे. भारतात देवीविरुद्धची पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत, अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. १९८० साली देवी जगातून गेल्याचं जाहीर झालं. त्या पिढीनंतर चेहऱ्यावर खड्डे करणारं मुख्य कारण उरलं ते तारुण्यातले मुरूम. सोळा-सतराव्या वर्षी आलेले मुरूम विशीत जातात आणि गालांवर उरलेले खड्डे आयुष्यभर सोबत करतात. लग्नाच्या बोलण्यांत, नोकरीच्या मुलाखतीत, वर्गातल्या चिडवण्यात त्यांचा किती जाच होतो, हे ज्याने सोसलं त्यालाच ठाऊक. अशा माणसाने उपचार शोधला तर त्याला नटव्यात काढणं अन्यायाचं आहे.

भारतीय त्वचेवर लेसर वापरताना डॉक्टर बिचकत होते, त्यामुळे इथल्या त्वचारोगतज्ज्ञांनी सुईचं तंत्र लवकर उचललं. २००९ साली एकाच भारतीय नियतकालिकात या विषयावर दोन लेख आले. बंगळूरच्या सतीश दोड्डबळ्ळापूर यांनी रुळाची ओळख करून दिली आणि श्रीनगरच्या इम्रान माजिद यांनी ३७ रुग्णांवरचे परिणाम मोजून मांडले. मोजण्यासाठी त्यांनी व्रणांची प्रतवारी करणारी गुडमन आणि बॅरन यांची पद्धत वापरली. ‘बराच फरक पडला’ असं मोघम न सांगता कोणता व्रण कोणत्या पायरीवरून कोणत्या पायरीवर आला, हे लिहिण्याची शिस्त अशा अभ्यासांनी लावली.

नेपल्सनंतर भारतात सुई आणि पीआरपीचे अर्ध्या चेहऱ्याचे प्रयोग एकामागून एक झाले. २०१४ साली सिम्रन चावला यांनी एका गालावर सुईबरोबर पीआरपी आणि दुसऱ्या गालावर सुईबरोबर क जीवनसत्त्व अशी तुलना केली. खड्ड्यांसाठी पीआरपी सरस ठरला, मुरुमांनंतरच्या काळ्या डागांवर मात्र क जीवनसत्त्वाचा गुण दिसला. २०१६ साली प्रसिद्ध झालेला आसिफ, कानोडिया आणि सिंग यांचा ५० रुग्णांवरचा अभ्यास तर प्रत्येक रुग्णाने वाचावा असा आहे. त्यांनी दुसऱ्या बाजूला सुईनंतर केवळ डिस्टिल्ड वॉटर वापरलं. पीआरपीच्या बाजूला ६२.२० टक्के सुधारणा झाली आणि पाण्याच्या बाजूला ४५.८४ टक्के. पीआरपीने भर घातली हे उघड आहे. पण त्याहून बोलका आकडा दुसरा. नुसत्या सुईने आणि पाण्याने पंचेचाळीस टक्के काम झालं होतं. म्हणजे या जोडीत मोठा वाटा सुईचा आहे, रक्ताचा वाटा वरच्या भरीचा. दवाखान्याच्या बिलात हे प्रमाण अनेकदा उलटं दिसतं, हे रुग्णाने लक्षात ठेवलेलं बरं.

हा सगळा शांत, मोजूनमापून चाललेला प्रवास २०१३च्या मार्चमध्ये एका छायाचित्राने झाकोळून टाकला. किम कार्दाशियन या अमेरिकी टीव्ही तारकेने उपचारानंतरचा रक्ताने माखलेला आपला चेहरा जगाला दाखवला आणि ‘व्हॅम्पायर फेशियल’ हे नाव सगळीकडे पोहोचलं. ते नाव तिने दिलेलं नव्हतं. अलाबामातल्या चार्ल्स रनेल्स या डॉक्टरांनी ते व्यापारचिन्ह म्हणून नोंदवलं होतं. कार्दाशियनने २०१८मध्ये सांगितलं की हा उपचार ती पुन्हा कधीच करणार नाही. २०१३च्या त्या उपचाराच्या वेळी ती गरोदर असल्याचं ऐन वेळी कळल्याने सुन्न करणारं मलम लावता आलं नव्हतं आणि वेदना असह्य झाल्या होत्या. छायाचित्र मात्र फिरत राहिलं. जखमांच्या वॉर्डात आणि व्रणांच्या दवाखान्यात वाढलेली पद्धत त्या एका चित्राने ब्यूटी पार्लरच्या दरपत्रकात नेऊन बसवली, आणि तिथे तिची देखभाल करणारं कुणी नव्हतं.

त्याची किंमत अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातल्या काही स्त्रियांनी मोजली. २०१८ साली अल्बुकर्की शहरातल्या एका स्पामध्ये हे फेशियल घेतलेल्या एका स्त्रीला एचआयव्हीची लागण झाल्याचं आढळलं. लागण होण्याचं दुसरं कोणतंच कारण तिच्या बाबतीत सापडेना. आरोग्य खात्याने तपास केला तेव्हा त्या स्पात स्वयंपाकघराच्या ओट्यावर नावाचं लेबल नसलेल्या रक्ताच्या नळ्या मिळाल्या, फ्रिजमध्ये अन्नाशेजारी रक्त होतं, आणि सिरिंजा वेष्टनाशिवाय कपाटांत आणि कचऱ्यात पडलेल्या होत्या. स्पाकडे परवाना नव्हता. तो बंद झाला आणि मालकिणीला विनापरवाना वैद्यक केल्याबद्दल तुरुंगवास झाला. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२४च्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात एकमेकांशी जवळून जुळणाऱ्या विषाणूंच्या पाच रुग्णांची नोंद आहे. त्यांत चार स्त्रिया स्पाच्या ग्राहक होत्या. पीआरपी सुरक्षित ठरतो तो रक्त ज्याचं त्यालाच परत मिळतं म्हणून. नळीवर नाव नाही, सुई नवी नाही, तर ही सुरक्षितता पहिल्याच मिनिटाला संपते.

आपल्याकडेही हा उपचार कुठे, कोण करतं, हा प्रश्न तितकाच जिव्हाळ्याचा आहे. सुयांचे रूळ ऑनलाइन दुकानात सहज मिळतात आणि घरी वापरणारे ते धुऊन पुन्हा पुन्हा फिरवतात. बोथट झालेली सुई त्वचा टोचत नाही, फाडते. पिकलेल्या मुरुमांवरून रूळ फिरवला तर जंतू सगळ्या चेहऱ्यावर पसरतात. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने पीआरपीसाठी कार्यगट नेमला आणि २०२१ साली तो कसा तयार करावा याच्या शिफारशी प्रसिद्ध केल्या. रक्त किती घ्यायचं, किती वेळा आणि कसं फिरवायचं, हे त्यांत आहे. मार्क्स यांनी त्याच्या वीस वर्षं आधी घातलेली हद्द अशा रीतीने भारतीय दवाखान्यांपर्यंत आली. उपचाराआधी डॉक्टरांना प्लेटलेटच्या संख्येविषयी विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे, आणि चांगले डॉक्टर त्या प्रश्नाने मुळीच दुखावत नाहीत.

कोणत्या व्रणाला हा उपचार लागू पडतो, हेही आता बऱ्यापैकी ठरलेलं आहे. उथळ, लाटांसारखे पसरट व्रण आणि काठ असलेले रुंद खड्डे चांगला प्रतिसाद देतात. सुईने टोचल्यासारखी अरुंद, खोल भोकं फारशी हलत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळे उपाय करावे लागतात. एका बैठकीत काही होत नाही. महिन्याच्या अंतराने तीन-चार बैठका लागतात, आणि कोलॅजेन पुढचे कित्येक महिने भरत राहत असल्याने खरा परिणाम शेवटच्या बैठकीनंतर उशिरा दिसतो. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने मार्च २०१८मध्ये मायक्रोनीडलिंगच्या पहिल्या यंत्राला मान्यता दिली, ती २२ वर्षांवरच्या माणसांच्या चेहऱ्यावरच्या मुरुमांच्या व्रणांसाठीच होती. पीआरपी बनवणाऱ्या संचांना तिथे मिळालेली मान्यता मुख्यतः हाडाच्या कलमात मिसळण्यासाठी आहे. चेहऱ्यासाठी डॉक्टर ते आपल्या जबाबदारीवर वापरतात.

व्रण नसलेल्या, केवळ वयाने आणि उन्हाने थकलेल्या चेहऱ्याचं काय? शिकागोमध्ये मुराद आलम आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली त्याची कसून परीक्षा घेतली. २७ जणांच्या एका गालात पीआरपी आणि दुसऱ्या गालात मिठाचं साधं पाणी टोचलं. कोणत्या गालात काय आहे हे ना रुग्णांना ठाऊक होतं, ना परीक्षण करणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञांना. सहा महिन्यांनी तज्ज्ञांना दोन गालांत लक्षणीय फरक आढळला नाही. रुग्णांनी मात्र पीआरपीच्या गालाचा पोत अधिक सुधारल्याचं नोंदवलं.